गाबा-ग्लुटामेटचे गुणोत्तर म्हणजे मेंदूचा समतोल नव्हे

एमआर स्पेक्ट्रोस्कोपीने (चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने मेंदूतील रसायने मोजण्याच्या तंत्राने) गाबा हे चेतापेशींना आवरणारे आणि ग्लुटामेट हे त्यांना चेतवणारे रसायन मोजून एकाला दुसऱ्याने भागले, की मेंदूतील उत्तेजन आणि अवरोध यांचा समतोल आकड्यात हाती येतो, हा समज बराच काळ रूढ असला तरी चुकीचा आहे. हे तंत्र बहुधा 3 सेंटिमीटर बाजूच्या घनातील, म्हणजे सुमारे 27 मिलिलिटर ऊतीतील, एकूण रसायन मोजते. त्यातले किती चेतासंधीत, म्हणजे दोन चेतापेशींच्या जोडाच्या जागी, सुटले आणि किती पेशीच्या आत नुसते साठून आहे, हे त्याला सांगता येत नाही. शिवाय ग्लुटामेट चयापचयातही खर्ची पडते आणि गाबा त्याच्यापासूनच तयार होतो, तेव्हा ही तराजूची दोन स्वतंत्र पारडी नव्हेत. या तंत्राने मिळणाऱ्या वर्णपटात, म्हणजे रसायनांच्या संकेतांच्या आलेखात, 3 पीपीएम या स्थानाजवळचा गाबाचा क्षीण संकेत क्रिएटिनच्या उंच शिखराखाली झाकला जातो, आणि विशेष पद्धतीने तो वेगळा काढला तरी त्यात मोठ्या रेणूंचा अंश मिसळलेला राहतो. ही अडचण मला फार महत्त्वाची वाटते. डोक्यावरून चुंबकीय स्पंदांची जोडी 1 ते 6 मिलिसेकंदांच्या अंतराने देऊन हाताच्या स्नायूचा प्रतिसाद किती घटतो हे पाहणारी चाचणी अवरोधाच्या प्रत्यक्ष कार्याच्या अधिक जवळ जाते, पण तीही मुख्यतः कारक बाह्यकापुरतीच, म्हणजे हालचाली घडवणाऱ्या मेंदूच्या बाहेरील थरापुरतीच, आणि तिचा स्पेक्ट्रोस्कोपीतील गाबाशी मेळ अनेक अभ्यासांत बसलेला नाही.