पॉवर ट्यूब बदलून टोन सुधारतो, ही समजूत कुठून आली?

गिटार अँपचा आवाज मनासारखा येत नसला की एक सल्ला हमखास मिळतो: पॉवर ट्यूब, म्हणजे अँपच्या शेवटच्या टप्प्यात सिग्नलला ताकद देणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्या, बदलून बघा. ईएल३४ लावल्या की ब्रिटिश आवाज, ६एल६ लावल्या की अमेरिकन. ६व्ही६ गोड, ६५५० कडक. यात तथ्य आहे. पण ज्या आवाजांना ही बिरुदं चिकटली, ते कुणी निवांत बसून कानाने निवडलेले नव्हते. कुणाचं पेटंट आड आलं, कुठली ट्यूब महाग पडत होती, कुठली प्रवासात दगा देत होती आणि कुठला कारखाना बंद पडला, यावर बहुतेक निवडी ठरल्या. कान मागाहून रुळले.

सुरुवात गिटारच्या बरीच आधीची आहे. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये ट्यूबमध्ये ग्रिड, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा प्रवाह आवरणारी तारांची जाळी, बसवली आणि तीन भागांची ट्रायोड जन्माला आली. तिच्यात तापलेल्या कॅथोडकडून निघालेले इलेक्ट्रॉन या जाळीतून प्लेटकडे जातात. पुढे स्क्रीन ग्रिड नावाची दुसरी जाळी घालून आलेल्या टेट्रोडमध्ये ताकद जास्त होती, पण प्लेटवर आदळून उसळलेले इलेक्ट्रॉन स्क्रीन ग्रिडकडे पळायचे आणि आवाज खराब व्हायचा. फिलिप्समधल्या बर्नार्ड टेलेगन यांनी १९२६ मध्ये या दोहोंच्या मध्ये आणखी एक ग्रिड घालून हा पळ थांबवला. ही पेंटोड. तिचं पेटंट फिलिप्सकडे, त्यामुळे बाकीच्यांची पंचाईत.

त्यातून वाट काढली इंग्लंडमधल्या ईएमआय कंपनीच्या कॅबट बुल आणि सिडनी रोडा यांनी. जादा ग्रिड न घालता त्यांनी दोन्ही ग्रिडच्या तारा एका रेषेत आणल्या, बाजूला पत्रे लावले आणि इलेक्ट्रॉनांचे इतके दाट झोत केले की उसळलेले इलेक्ट्रॉन परत प्लेटकडेच ढकलले जातील. हीच बीम टेट्रोड. अमेरिकेत आरसीए कंपनीने या कल्पनेवर १९३६ मध्ये ६एल६ बाजारात आणली. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये मार्कोनी-ओसराम कंपनीची केटी६६ आली. ईएल३४ मात्र खरी पेंटोड, फिलिप्सची, १९४९ सालची. तेव्हा अमेरिकन म्हणवणाऱ्या ट्यूबमागची कल्पना इंग्रजांची आणि ब्रिटिश म्हणवणारी ट्यूब डच कंपनीची, असा हा सगळा उलटा मामला आहे. शिवाय यातली एकही गिटारसाठी बनवलेली नव्हती. रेडिओ, सभा-समारंभांचे लाउडस्पीकर, घरची हायफाय यंत्रणा ही त्यांची ठरलेली कामं.

अँप बनवणाऱ्या लिओ फेंडर यांनी अमेरिकेत सहज मिळणाऱ्या ट्यूब वापरल्या: लहान अँपमध्ये ६व्ही६, मोठ्यात ६एल६ किंवा तिचीच दणकट आवृत्ती ५८८१. पन्नासच्या दशकाच्या शेवटी त्यांचा बासमन अँप ५८८१ च्या जोडीवर चालत होता. लंडनमध्ये ड्रमवादक आणि वाद्यांचे दुकानदार जिम मार्शल यांनी केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांना हाताशी धरून १९६२ च्या सुमारास याच बासमनवरून स्वतःचा अँप तयार केला, तो जेटीएम४५. सर्किट जवळपास तेच, सुटे भाग मात्र बरेचसे ब्रिटनमध्ये मिळतील ते. पॉवर ट्यूब आधी ५८८१, मग केटी६६. एरिक क्लॅप्टन यांनी १९६६ मध्ये जॉन मेयॉल यांच्यासोबत मार्शलवर वाजवून जो जाड, भरलेला आवाज ध्वनिमुद्रित केला तो केटी६६ च्या काळातला. त्याच सुमारास मार्शल ईएल३४ कडे वळले होते, कारण ती स्वस्त होती आणि मलार्ड या ब्रिटिश ट्यूब कंपनीकडून भरपूर मिळत होती. मधल्या स्वरपट्टीत पुढे येणारा, कडेला खरखरणारा जो आवाज आज मार्शलचा म्हणून ओळखतात, तो या बदलातून आला. व्हॉक्स या दुसऱ्या ब्रिटिश अँप कंपनीची कथा वेगळी नाही. डिक डेनी यांच्या एसी३० मध्ये चार ईएल८४ असतात, आणि ही ट्यूबसुद्धा मूळची रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअरवालीच.

पुढचा बदल तर थेट गोदामातून आला. सत्तरच्या दशकात मार्शलच्या अमेरिकेतल्या वितरकाकडे, युनिकॉर्डकडे, ईएल३४ च्या तक्रारी येत होत्या. त्यांनी अमेरिकेत विकायच्या अँपमध्ये टंग-सोल या अमेरिकन कंपनीने हायफायसाठी काढलेली दणकट ६५५० बसवायला सुरुवात केली. ६५५० उशिरा फाटते, म्हणजे जास्त जोरात वाजवल्यावरच तिचा आवाज खरखरू लागतो, आणि खालचे स्वर घट्ट धरते. त्यामुळे एकाच मॉडेलचे दोन मार्शल, एक लंडनमधला आणि एक अमेरिकेतला, वेगळे वाजू लागले. ऐंशीच्या दशकात अमेरिकन वादक आपले मार्शल टेक्निशियनकडे नेऊन पुन्हा ईएल३४ वर आणून घ्यायला लागले. टोनसाठी जाणूनबुजून ट्यूब बदलायची प्रथा म्हणून आपण जे ओळखतो, त्यातला मोठा भाग असा एका वितरकाचा निर्णय उलटवण्यातून रुजला, असं मला वाटतं.

ही अदलाबदल सरळ वाटते, कारण ६एल६ आणि ईएल३४ एकाच आठ पिनांच्या सॉकेटमध्ये बसतात. पण बसतात म्हणून चालतात, असं नाही. ६एल६ चा हीटर, म्हणजे कॅथोड तापवणारी तार, ०.९ अँपिअर खातो, ईएल३४ चा १.५. पॉवर ट्रान्सफॉर्मरची तेवढी ऐपत नसेल तर तो तापत राहतो. ईएल३४ मधली तिसरी ग्रिड पिन १ वर येते आणि ती कॅथोडला जोडलेली असावी लागते. ६एल६ ला ही पिन लागतच नाही, म्हणून फेंडरच्या अनेक अँपमध्ये ती रेझिस्टर बांधायला वापरलेली आहे. तिथे ईएल३४ खुपसली तर सिग्नल नको त्या ग्रिडवर जातो.

मग बायस. ट्यूब शांत असताना तिच्यातून किती करंट वाहावा, हे ग्रिडवरच्या ऋण व्होल्टेजने ठरतं. एबी वर्गाच्या, म्हणजे ट्यूबची जोडी आळीपाळीने राबवणाऱ्या, अँपमध्ये प्लेटच्या कमाल क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या आत राहायचं, हा टेक्निशियन मंडळींचा जुना आडाखा. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर ३० वॉटच्या ६एल६जीसीला साधारण ४६ मिलिअँपिअर, २५ वॉटच्या ईएल३४ ला ३९. बायस फार थंड ठेवला तर आवाज किरटा आणि चरचरीत होतो. फार गरम ठेवला तर प्लेट लाल होते आणि ट्यूब लवकर मरते. एसी३० सारख्या कॅथोड बायसच्या, म्हणजे कॅथोडला लावलेल्या रेझिस्टरवर बायस ठरणाऱ्या, अँपमध्ये हे गणित बरंचसं आपोआप सांभाळलं जातं. नव्वदच्या दशकात टीएचडी कंपनीने यलो जॅकेट नावाचे अडॅप्टर काढले ते याच युक्तीवर: त्यात स्वतःचा बायस असलेली ईएल८४ मोठ्या सॉकेटमध्ये बसवता येते. (अँप बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये जीवघेणं व्होल्टेज राहतं. ते मोकळं करता येत नसेल तर मागचा पत्रा उघडूच नये.)

ट्यूब हा स्वतंत्र शौकाचा माल झाला तो ग्रूव्ह ट्यूब्जमुळे. अ‍ॅस्पन पिटमन यांनी १९७९ मध्ये कॅलिफोर्नियात ही कंपनी काढली. ट्यूब तपासायच्या, जोड्या जुळवायच्या आणि आवाज किती लवकर फाटतो त्यानुसार १ ते १० असा आकडा द्यायचा, ही त्यांची पद्धत. वादकाला पहिल्यांदाच चव निवडून ट्यूब विकत घेता आली. गंमत अशी की तोपर्यंत अँपच बदलत चालले होते. १९७५ च्या मार्शल २२०३ सारख्या मास्टर व्हॉल्यूमच्या, म्हणजे एकूण आवाज वेगळ्या बटणाने कमी करता येणाऱ्या, अँपमध्ये आवाज फाटतो तो मुख्यतः प्रीअँपमध्ये, पॉवर ट्यूबच्या आधीच्या टप्प्यात; हळू वाजवताना पॉवर ट्यूबला फारसं काम उरतच नाही. अशा अँपमध्ये ब्रँड बदलून जो फरक ऐकू आला असं सांगतात, तो बहुतेकदा झिजलेल्या ट्यूब गेल्याचा आणि बायस नीट लागल्याचा असतो. स्पीकर बदलला तर याहून कितीतरी मोठा फरक पडतो.

तेवढ्यात ट्यूबच संपत आल्या. ट्रान्झिस्टरने रेडिओ, टीव्ही आणि लष्कर ही मोठी गिऱ्हाइकं ओढून नेली होती. आरसीएने सत्तरच्या दशकात हात आखडला, मलार्ड ऐंशीच्या दशकात आणि मार्कोनी-ओसराम १९८८ मध्ये थांबली. चांगल्या ईएल३४ मिळेनात, तेव्हा नव्वदच्या दशकात खुद्द मार्शलने जेसीएम९०० मध्ये ५८८१ बसवल्या, त्याही रशियन. म्हणजे बासमनपासून निघालेली गाडी तीस वर्षांनी त्याच क्रमांकाच्या ट्यूबवर परत आली, तीही निरुपायाने.

आज बहुतेक पॉवर ट्यूब रशियातलं साराटोव्ह, स्लोव्हाकियातली जेजे आणि चीन इथूनच येतात. साराटोव्हचा कारखाना गिटार पेडल बनवणाऱ्या अमेरिकन इलेक्ट्रो-हार्मोनिक्सवाल्या माइक मॅथ्यूज यांच्या कंपनीचा. सोव्हटेक, टंग-सोल, मलार्ड आणि जेनालेक्स गोल्ड लायन ही चारही नावं तिथेच छापली जातात, त्यामुळे डब्यावरचं मलार्ड वाचून साठच्या दशकातल्या इंग्लंडची आशा धरण्यात अर्थ नाही. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर बंदी आणली, तेव्हा मॅथ्यूज यांनी ऑर्डर घेणं थांबवलं. काही आठवड्यांत माल पुन्हा निघाला, अमेरिकेत मात्र वाढीव आयातशुल्कासह. मधल्या काळात ज्याला जी जुळलेली जोडी मिळाली ती त्याने घेतली आणि बायस तिच्याप्रमाणे लावून घेतला.