कच्चा खडा की काच? दाखवायला आणण्याआधी हे वाचा

विहीर खणताना, नांगरटीत किंवा समुद्रकाठी सापडलेले खडे घेऊन नाशिक-सिन्नरकडचे बरेच ग्राहक आमच्या दुकानात येतात. काही जण प्रवासात विकत घेतलेला ‘कच्चा पाचू’ दाखवतात. त्यातले कितीतरी काच निघतात. पैसे आधीच मोजून झालेले असतील, तर ते सांगताना आम्हालाही वाईट वाटतं. म्हणून हे पत्रक.

पहिली विनंती: खडा काचेवर घासू नका. ओरखडा उठला की खडा खरा, असं पुष्कळांना वाटतं. खनिजांचा कठीणपणा मोजणाऱ्या मोहसच्या मोजपट्टीवर काच साडेपाचच्या आसपास, गारगोटी 7, माणिक आणि नीलम 9. म्हणजे रस्त्यावरची गारगोटीही ओरखडा काढते, त्यावरून किंमत कळत नाही. उलट पुणे आणि जळगाव भागातलं हिरवं अपोफिलाइट हे खनिज जगभरचे संग्राहक मागतात, पण ते काचेहून मऊ आहे. घासलं की ओरखडा काचेवर नव्हे, खड्यावरच पडतो. टोक झिजलेले असे खडे आमच्याकडे येतात, आणि ते नुकसान भरून काढता येत नाही.

त्याऐवजी भिंग घ्या, सराफ वापरतात तसं दहापट. आत गोल बुडबुडे किंवा साखरेच्या पाकात दिसतात तशा वळणदार शिरा दिसल्या, तर ती काच समजा. खऱ्या खड्यात बहुधा बारीक तडे, दुसऱ्या खनिजाच्या सुया, रंगाचे सरळ पट्टे असतात. आकारही पाहा. गारगोटीच्या स्फटिकाला सहा बाजू, त्यांवर आडव्या रेघा आणि वर टोक असतं. पाचूलाही सहा बाजू, पण माथा सहसा सपाट. नदीत गोटा झालेल्या खड्याला मात्र आकार उरत नाही. तुटल्या जागी शिंपल्यासारख्या वळ्या दिसल्या म्हणून लगेच काच म्हणू नका, गारगोटीही तशीच फुटते.

घरी करण्याजोगी सगळ्यात भरवशाची तपासणी म्हणजे वजनाची. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा हवा. आधी खडा कोरडा तोला. मग पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. खडा बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल असा पाण्यात सोडा. तो तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकून टाका. आता दिसणाऱ्या आकड्यानं कोरड्या वजनाला भागा. उत्तर म्हणजे खडा तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या किती पट जड, ते. खडा 20 ग्रॅमचा आणि काट्यावर 8 आले, तर उत्तर 2.5, म्हणजे साध्या काचेचं. तेच 5 आले तर उत्तर 4, माणिक-नीलमाचं. टोपाझ आणि हिरा 3.5 च्या आसपास येतात. गारगोटी 2.65 आणि पाचू 2.7, म्हणजे काचेच्या इतक्या जवळ की लहान खड्यावर घरच्या काट्यानं निकाल लावू नका. शिसं घातलेली काच 3 च्याही वर जाते. तेव्हा नुसतं जड लागलं म्हणून खूश होऊ नका, भिंगातले बुडबुडे पुन्हा शोधा.

खडा कुठला म्हणून सांगितला जातो, तेही विचारा. आपला काळा कातळ सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याच्या पोकळ्यांत गारगोटी, अकीक, जांभळा अॅमेथिस्ट, झिओलाइट मिळतात. पाचू आणि माणिक नाहीत. देशातला पाचू राजस्थानात, हिरे मध्य प्रदेशातल्या पन्ना भागात. ‘नाशिकच्या खाणीतला पाचू’ असं कुणी म्हणालं तर पैसे काढू नका. तो तुकडा अपोफिलाइट असेल किंवा हिरव्या बाटलीचा. लाटांनी गुळगुळीत केलेली बाटलीची काच आणि जुन्या भट्ट्यांमधली निळी-हिरवी धातुमळी (धातू वितळवताना उरलेला काचेसारखा कचरा) आम्हाला वारंवार दाखवली जाते.

एक गोष्ट या तपासण्यांत पकडता येत नाही. माणिक आणि नीलम कारखान्यात बनतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वर्न्यूल यांनी ती पद्धत 1902 मध्ये जाहीर केली. त्यांचं वजन आणि कठीणपणा खाणीतल्या खड्याइतकाच असतो, आणि त्यांचे फुटके तुकडे कच्चा माल म्हणून विकले जातात. मोठी रक्कम देण्याआधी रत्नपरीक्षा प्रयोगशाळेचा दाखला घ्याच.

आमच्याकडे आणताना खड्याला तेल लावू नका, आणि चिकटलेला मूळ दगड तोडू नका. बऱ्याचदा त्या दगडावरूनच आम्हाला खडा ओळखता येतो.