फरसबीची बरणी आणि सव्वापाच तास

परवा एक व्हिडिओ पाहिला. परसबागेतली कोवळी फरसबी, धुऊन वाळवलेल्या काचेच्या बरण्या, मिठाचं पाणी. बरण्या भरून झाकणं लावली, मोठ्या पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात त्या अर्धा तास बुडवून ठेवल्या आणि बाहेर काढल्या. गार होता होता झाकणाचा मधला भाग 'टक्' करून आत ओढला गेला. "झालं हवाबंद! आता वर्षभर बघायला नको," बाई समाधानाने म्हणाल्या.

त्या 'टक्'वर माझा सगळा आक्षेप आहे. बरणीतली हवा बाहेर गेली एवढंच तो आवाज सांगतो. आत काय उरलं याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. आणि आत जे उरण्याची शक्यता असते, त्याला नेमकी हवाच नको असते.

त्याचं नाव क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. हा मातीतला जिवाणू आहे. बागेच्या मातीत तो असतो, मग मातीलगत वाढणाऱ्या शेंगांवर आणि मुळांवरही तो असणारच. ऑक्सिजन त्याला मारक आहे, त्यामुळे उघड्या हवेत तो वाढत नाही. पण परिस्थिती वाईट झाली की तो मरण्याऐवजी बीजाणू बनवतो. ताज्या भाजीबरोबर हे बीजाणू मोठ्या माणसाच्या पोटात गेले तरी सहसा काही बिघडत नाही, ते तसेच बाहेर पडतात. बिघडतं ते त्यांना बरणीत निवांत जागा मिळाली की.

बीजाणू म्हणजे काय, हे बाग करणाऱ्याला चटकन कळेल. फरसबीचं रोप एक दिवस पाणी न मिळालं तर मान टाकतं, पण त्याचंच वाळलेलं बी डब्यात दोन-तीन वर्षं सुखाने राहतं. फरक पाण्याचा. जिवाणूच्या पेशीत एरवी तीन चतुर्थांशाच्या वर पाणी असतं. बीजाणूच्या गाभ्यातून त्यातलं बरंचसं पिळून काढलेलं असतं. आता उष्णतेने जंतू मरतो म्हणजे नेमकं काय होतं? त्याच्या प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि पुन्हा नीट बसत नाहीत. अंड्याचा पांढरा भाग तव्यावर घट्ट होतो, तोच प्रकार. पण घडी उलगडायला हालचाल हवी आणि हालचालीला पाणी हवं. बीजाणूच्या कोरड्या गाभ्यात प्रथिनं दाटीने अडकून बसलेली असतात. पाण्याची जागा डायपिकोलिनिक आम्ल आणि कॅल्शियम यांच्या संयुगाने घेतलेली असते. डीएनएला खास प्रथिनांनी गुंडाळून ठेवलेलं असतं. वरून आवरणांचे थर. अशा पुडीला १०० अंशांचं पाणी म्हणजे गरम पाण्याची आंघोळ. इतकंच काय, अनेक जातींच्या बीजाणूंना थोडी उष्णता मिळाली की उलट जागच येते.

आता व्हिडिओतल्या बरणीकडे पुन्हा पाहू. अर्ध्या तासाच्या उकळीने बुरशी, यीस्ट आणि इतर बहुतेक जिवाणू मेले, म्हणजे स्पर्धक संपले. झाकणाने ऑक्सिजन अडवला. फरसबी फारशी आंबट नाही. बरणी ठेवली ओट्याखाली, घरातल्या तापमानाला. आपणच झाडून-सारवून घर तयार केलं आणि दार लावून घेतलं.

आत जागा झालेला जिवाणू जे विष तयार करतो ते ज्ञात विषांपैकी सर्वांत जहाल. मज्जातंतू स्नायूला 'आकुंचन पाव' हा निरोप ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाने पोचवतो. या विषामुळे ते रसायन मज्जातंतूच्या टोकातून बाहेरच पडत नाही. आधी एकाच्या दोन वस्तू दिसतात, पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. १८९५मध्ये बेल्जियममधल्या एल्झेल गावात अंत्यविधीला वाजवायला आलेल्या वादकांनी खारवलेलं मांस खाल्लं. अनेक जण आजारी पडले, तिघे दगावले. त्या मांसातून एमिल व्हॅन एर्मेंगेम या बेल्जियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने हा जिवाणू वेगळा काढला. सुरकुत्या घालवायला टोचतात ते हेच विष, अत्यल्प मात्रेत.

आता माझा आवडता भाग. थोडं गणित आहे. ज्यांना नको ते पुढच्या दोन परिच्छेदांवरून उडी मारू शकतात, पण मारू नये.

जंतू उष्णतेने एकदम मरत नाहीत, ठरावीक वेळात ठरावीक हिस्सा मरतो. १२१ अंशांना या बीजाणूंची संख्या एक दशांश व्हायला सुमारे ०.२१ मिनिट, म्हणजे जेमतेम १३ सेकंद लागतात. आणखी १३ सेकंदांनी उरलेल्याच्या एक दशांश. म्हणजे १००० होते ते १००, मग १०, मग १. पुढे? पुढे ०.१, म्हणजे दहा बरण्यांत मिळून एक. संख्या कधीच शून्य होत नाही, फक्त शक्यता घटत जाते. डबाबंद अन्नाच्या उद्योगाने ठरवलं की असे १२ टप्पे घ्यायचे. प्रत्येक बरणीत एक बीजाणू धरला, तर १२ टप्प्यांनंतर एक लाख कोटी बरण्यांत एक शिल्लक. ०.२१ गुणिले १२ म्हणजे २.५२ मिनिटं. १२१ अंशांना अडीच मिनिटं, काम फत्ते.

मग १०० अंशांना किती? तापमान १० अंशांनी उतरलं की लागणारा वेळ दसपट होतो. १११ अंशांना सुमारे २५ मिनिटं. १०१ अंशांना २५२ मिनिटं. शेवटचा एक अंश उतरलो की सुमारे १.२६ पट, म्हणजे ३१७ मिनिटं. सव्वापाच तास! तेही पातेल्यातल्या पाण्याला नव्हे, बरणीच्या अगदी मधल्या शेंगेला. समुद्रसपाटीपासून १५०० मीटर उंचीवर राहत असाल तर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे हाच हिशेब १६ तासांच्या पुढे जातो. तोवर फरसबीची पेज झालेली असेल. व्हिडिओतला अर्धा तास या हिशेबात कुठेच बसत नाही.

या भानगडीत माणसं पूर्वीही फसली आहेत. निकोला आपेर या फ्रेंच आचाऱ्याने बाटल्यांत अन्न बंद करून त्या उकळण्याची पद्धत शोधली, १२,००० फ्रँकचं बक्षीस मिळवलं आणि १८१० साली ती छापून प्रसिद्ध केली. जंतूंचा सिद्धांत यायला अजून काही दशकं होती. म्हणजे तो व्हिडिओ मुळात २०० वर्षांपूर्वीचा आहे, कॅमेरा तेवढा नवा. पुढे जॉन टिंडल या भौतिकशास्त्रज्ञाला वाळल्या गवतातल्या बीजाणूंनी असंच छळलं. कितीही उकळा, गवताचा काढा नासतोच. त्याने युक्ती काढली: आज उकळायचं, रात्रभरात बीजाणू जागे होऊ द्यायचे, उद्या पुन्हा उकळायचं. जागा झालेला जिवाणू उकळीत सहज मरतो. युक्ती सुंदर, पण सगळे बीजाणू वेळेवर उठतीलच असं नाही. भाजीच्या बरणीवर हा प्रयोग करू नका.

मग १२१ अंश आणायचे कुठून? वातावरणाच्या जवळजवळ दुप्पट दाबाखाली वाफ तेवढी तापते. "मग घरच्या कुकरच्या चार शिट्या?" हा प्रश्न येतोच. नाही. बरण्यांसाठीचे मोठे दाबपात्र वेगळे असते. त्याचे वेळेचे तक्ते प्रत्यक्ष बरणीच्या मध्यभागी तापमान मोजून बनवलेले असतात, आणि त्यात पात्र सावकाश तापण्या-निवण्याचा वेळही धरलेला असतो. छोटा कुकर लवकर तापतो, लवकर निवतो, आणि शिटी हे काही मोजमाप नाही. तसं पात्र आणि त्याचा तपासलेला तक्ता नसेल, तर फरसबी, गाजर, मका, वाटाणा बरणीत पाण्यात बंद करून बाहेर ठेवायच्या नादी लागू नये. वासाने किंवा चवीने कळेल या भरवशावर तर मुळीच राहू नये. विषारी बरणी दिसायला, हुंगायला अगदी शहाण्यासारखी असू शकते, आणि चाखणं हाच अपघात असतो.

सुदैवाने बीजाणू मारणं हा एकच मार्ग नाही. त्याला झोपवून ठेवलं तरी पुरतं. त्यासाठीचा सगळ्यात सोयीचा आकडा म्हणजे सामू (पीएच) ४.६. माती तपासणीच्या कागदावर असतो तोच सामू. तो जितका कमी तितकं आम्ल जास्त, आणि एक आकडा उतरला की दसपट जास्त. ४.६च्या खाली हा बीजाणू उगवत नाही. मरत नाही, पण उगवत नाही. बाकीच्यांना मारायला साधी उकळ पुरेशी असते. म्हणून सिरक्यातली काकडी पातेल्यात उकळलेल्या बरणीतही सुरक्षित राहते आणि फरसबी राहत नाही. टोमॅटो मात्र कुंपणावर बसलेला. बहुतेक जातींचा सामू ४.३ ते ४.९ असतो आणि फळ जास्त पिकलं की आंबटपणा घटतो. म्हणून लिटरभराच्या बरणीत सायट्रिक आम्ल अर्धा छोटा चमचा घालावंच, जीभ काहीही म्हणो.

कोबीच्या बाबतीत तर आम्ल विकतही आणावं लागत नाही. किलोभर बारीक चिरलेल्या कोबीला २० ते २५ ग्रॅम मीठ चोळायचं, सुटलेल्या पाण्याखाली दाबून ठेवायचं. मिठाला न घाबरणारे ल्युकोनोस्टॉक जिवाणू आधी कामाला लागतात, आम्ल तयार करतात, आणि त्यांनाच ते सोसेनासं झालं की जास्त आम्ल सोसणारे लॅक्टोबॅसिलस गटातले येतात. तीन ते सहा आठवड्यांत सामू ३.५च्या आसपास उतरतो.

वाळवणात पाणी काढून घेतो, गोठवण्यात ते जखडून ठेवतो. कुठल्याही पद्धतीत भाजीत पाणी किती आहे यापेक्षा जंतूला वापरता येईल असं किती उरलं, हा प्रश्न असतो. यावर वेगळा लेख होईल.

जाता जाता 'नैसर्गिक, रसायनमुक्त साठवण' या जाहिरातबाजीबद्दल. सिरका म्हणजे ॲसेटिक आम्ल, रसायनच. आणि बोट्युलिनमचं विष शंभर टक्के नैसर्गिक, सेंद्रिय बागेतलं.

हे सगळं बागेच्या आखणीच्या लेखात कशाला? कारण आखणी इथूनच सुरू होते. बहुतेक जण बियाण्याच्या पाकिटावरचं चित्र पाहून पेरतात आणि दोन महिन्यांनी डोक्याला हात लावतात. मीही लावला आहे. पहिल्या वर्षी फरसबीच्या सहा ओळी एकाच दिवशी पेरल्या. बुटकी जात, साधारण ५० ते ६० दिवसांत तोडणीला येणारी. सगळी एकदम आली आणि दोन-तीन आठवड्यांत संपली. शेजाऱ्यांनी दार उघडणं बंद केलं. तेव्हा मीही बरण्या घासून ठेवल्या होत्या, हे कबूल करतो.

आता कागद उलटा भरतो. आधी साठवायचं कसं ते, मग पीक, मग जात, शेवटी ओळी. टोमॅटोचंच घ्या. काही जातींत फांदीच्या टोकाला फुलोरा आला की वाढ थांबते आणि बहुतेक फळं थोड्या दिवसांत एकदम पिकतात. १९१४मध्ये फ्लॉरिडातल्या शेतात आपोआप झालेल्या एका जनुकीय बदलातून या बुटक्या जाती आल्या. रस करून बरण्या भरायच्या असतील तर याच लावाव्यात, कारण दर दोन दिवसांनी चार टोमॅटो मिळाले तर भट्टी कधी लावणार? रोजच्या ताटापुरते हवे असतील तर वेलासारख्या वाढत राहणाऱ्या जाती. फरसबी ताजी खायची तर दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने एकेक ओळ. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा ही एकाच कुळातली भावंडं, त्यांचे बरेच रोगही सामाईक. पुढच्या वर्षी त्यांचा वाफा बदलायचा. दिवसाला सहा ते आठ तास ऊन. एवढं पाळलं की झालं.

अमावास्या-पौर्णिमा पाहून पेरणाऱ्यांचा हट्ट समजत नाही. पौर्णिमेचा प्रकाश दुपारच्या उन्हाच्या सुमारे चार लाखांव्या हिश्शाइतका. समुद्राला भरती येते कारण समुद्र हजारो किलोमीटर पसरलेला आहे. वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चंद्राच्या ओढीत फरक तो किती पडणार? मातीचा ओलावा बोटाने तपासा, चंद्राकडे नुसतं बघा.

फरसबी मी आता गोठवतो. तोडलेली शेंग श्वास घेत असते, स्वतःचीच साखर जाळत असते, त्यामुळे सकाळी तोडून त्याच दिवशी काम उरकायचं. उकळत्या पाण्यात तीन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात. ही तीन मिनिटं जंतूंसाठी नाहीत, शेंगेच्या स्वतःच्या विकरांसाठी (एन्झाइमांसाठी) आहेत; ती थंडीतही सावकाश काम करत राहतात आणि रंग-चव घालवतात. मग निथळून, पातळ पसरून उणे १८ अंशांना. पातळ अशासाठी की लवकर गोठलं तर बर्फाचे स्फटिक बारीक होतात आणि पेशी कमी फाटतात. बीजाणू तिथेही जिवंत असतात, पण उगवू शकत नाहीत.

माझ्या फ्रीजरचा खालचा कप्पा मी मोजून पाहिला. पाव किलोची १४ पाकिटं बसतात, म्हणजे साडेतीन किलो शेंगा. यंदाच्या कागदावर फरसबीच्या दोनच ओळी आहेत.