भूल आणि भुलवणं

निपाणी असो वा खानापूर, पोराला टाके घालायची वेळ आली की दवाखान्यात दोन वाक्यं ठरलेली. आईचं "ते बघ, चिऊ आली!" आणि डॉक्टरांचं "सकाळपासून काही खाल्लंय काय?" पहिलं भुलवणं, दुसरी भुलीची तयारी, शब्द सख्खे, वाटा वेगळ्या. भुलवण्याच्या वाटेवर आता चिऊच्या जागी व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून दिसणारं आभासी जग, आलंय, त्याची ही गोष्ट.

औषधाची वाट 1846 मध्ये बोस्टनमध्ये हुंगवलेल्या ईथर या औषधापासून रुळली. सीमाभागातली माणसं ज्या मिरजेला पेशंट नेत आली, तिथं मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांचं रुग्णालय 1894 मध्ये उभं राहिलं. पण तान्ह्या बाळांना वेदना नीट कळतच नाहीत, या समजुतीनं जगभर कितीतरी वर्षं त्यांच्या शस्त्रक्रिया अगदी जुजबी भुलीवर उरकल्या जात. मूळचे भारतीय असलेले डॉ. आनंद यांनी 1987 मध्ये ऑक्सफर्डमधल्या अभ्यासातून दाखवलं की, पुरेशी भूल मिळालेली अपुऱ्या दिवसांची बाळं शस्त्रक्रिया जास्त चांगली सोसतात. त्यामुळे मुलांना भूल देऊ नका, असं या इतिहासातून निघत नाही.

चिऊवाल्या वाटेला शास्त्राचा आधार मिळाला तो 1965 मध्ये. मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी मांडलं की मज्जारज्जूत वेदनेला जणू एक फाटक असतं, आणि ते किती उघडायचं यात मेंदूचाही हात असतो. म्हणजे मन दुसरीकडं गुंतलं की दुखणं कमी जाणवू शकतं. आयांना हे आधीच ठाऊक होतं म्हणा.

खरी कसोटी भाजलेल्या मुलांची. बंबातलं कढत पाणी अंगावर सांडलेलं पोर एकदा ड्रेसिंग करून सुटत नाही. पुन्हा पुन्हा पट्टी सुटते, आणि दर वेळी गुंगी देणं म्हणजे पुन्हा उपाशी ठेवणं, श्वासावर नजर, भूलतज्ज्ञाची वाट. सिएटलमध्ये 1996 च्या सुमारास हॉफमन आणि पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी अशा ड्रेसिंगच्या वेळीच व्हर्च्युअल रिॲलिटी आणली. कोळ्याची भीती घालवायला बनवलेलं एक आभासी स्वयंपाकघर हॉफमन यांच्या हाताशी होतं, तेच वापरलं. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या नोंदीत भाजलेली दोनच किशोरवयीन मुलं होती. साध्या व्हिडिओ गेमपेक्षा हेडसेटमध्ये त्यांना दुखणं कमी जाणवलं. पुढं खास भाजलेल्यांसाठी बर्फाची दरी आली: पेंग्विन, हिममानव, आणि मारायला बर्फाचे गोळे.

तेव्हाची यंत्रं महागडी. 2012 नंतर स्वस्त हेडसेट येऊ लागले. त्यातच 2016 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून जास्त भूल देण्याबाबत इशारा दिला. एवढ्या लहानांच्या डोक्यावर हेडसेट बसत नाही, हा भाग वेगळा. पण थोड्या मोठ्या मुलांसाठीही गुंगीशिवाय काय जमेल, याचा शोध वाढला.

हेडसेट सगळीकडं चालतो असं नाही. एमआरआयच्या जोरदार चुंबकापाशी साधा हेडसेट नेता येत नाही, आणि चेहरा भाजला असेल तर तो बांधायचा कुठं? सुई, सलाईन, टाके, ड्रेसिंग इथं मात्र उपयोग आहे. बर्फाचे गोळे मारायला भाषा लागत नाही. "आता सावकाश श्वास घे" सांगणारा हेडसेटमधला आवाज मात्र इंग्रजी असला तर संकेश्वरच्या पोराच्या काय कामाचा? तो मराठीत हवा, आणि शेजारच्या खाटेवरच्या पोरासाठी कन्नडमध्ये.