खाडीचा गाळ आणि हवेशी शर्यत

खाडीतला गाळ जरा उकरून बघा, वरचा पातळ थर तपकिरी आणि बऱ्याचदा बोटभर खाली गेलं की काळाकुट्ट, सडक्या अंड्यासारखा वास मारणारा. तपकिरी रंग गंजलेल्या लोखंडाचा, काळा लोखंडाच्या सल्फाइडचा, म्हणजे ऑक्सिजनचा परिणाम कुठवर पोचतो याचा ढोबळ अंदाज डोळ्यांनीच येतो. पण तोच काळा गाळ बाहेर काढून ठेवला की हवा लागून रंग बदलायला लागतो, मोजायची वस्तू हातातल्या हातात बदलते. सगळी भानगड इथेच आहे.

गाळातलं नायट्रोजन-फॉस्फेट मोजायच्या रसायनाचं तसं लवकर जमलं होतं. नायट्रोजनसाठी केल्डालची पद्धत 1883 ची (बिअर कंपनीच्या लॅबमध्ये धान्यातलं प्रोटीन मोजायला काढलेली!), फॉस्फेटसाठी मर्फी-रायलीची निळ्या रंगाची 1962 ची, आजही चालते. अडायचं ते नमुन्यापाशी. 1933 चा व्हॅन व्हीन ग्रॅब (गाळ उचलणारं जबड्यांचं यंत्र) तळाला टेकला की दोरी ओढल्यावर जबडे मिटतात, गाळ वर येतो पण थर विस्कटलेले, किडे-शिंपले मोजायला ठीक, पण फॉस्फेट किती खोलीवर सुटतंय ते त्यातून काय कळणार.

आणि खोलीच तर महत्त्वाची. 1941-42 मध्ये मॉर्टिमरने तळ्यांच्या गाळावर दाखवलं की वरच्या थरात ऑक्सिजन असेपर्यंत लोखंड फॉस्फेटला धरून ठेवतं, ऑक्सिजन संपला की दोघंही सुटून पाण्यात. मग उभी नळी खुपसून अख्खा कोर (थर न विस्कटलेला गाळाचा दंडगोल) काढायचा आणि हवा लागू नये म्हणून नायट्रोजन भरलेल्या पेटीत त्याच्या चकत्या कापायच्या, असं सुरू झालं.

त्यापेक्षा मोजमापच गाळात न्यावं की! 1980 च्या सुमारास डेन्मार्कमध्ये रेव्सबेक वगैरेंनी काचेचा सुईसारखा ऑक्सिजन इलेक्ट्रोड (ऑक्सिजन मोजणारी विजेची सुई) गाळात उतरवला आणि ऑक्सिजन काही मिलिमीटरमध्येच संपतो हे थेट दिसलं. प्लॅटिनमच्या प्रोबचा रेडॉक्स आकडा (गाळ ऑक्सिजनवाला की ऑक्सिजनविना, ते व्होल्टेजमध्ये सांगणारा) मात्र मी वर-खाली तुलनेपुरताच धरतो, मिलिव्होल्टच्या दशांशावर भांडण्यात अर्थ नाही.

माझा आवडता हेसलिनचा 1976 चा पीपर, म्हणजे गाळातल्या पाण्याचा नमुना जागेवरच घेणारं साधन. ॲक्रिलिकची पट्टी, तिच्यात ओळीने खाचा, खाचांत शुद्ध पाणी, वरून मेंब्रेन (विरघळलेले पदार्थ आरपार जाऊ देणारा पातळ पडदा), गाळात रोवून एक-दोन आठवडे विसरून जायचं, तोवर आतलं पाणी आजूबाजूच्या गाळातल्या पाण्यासारखं होतं. फक्त पट्टी रोवायच्या आधी नायट्रोजन सोडून पाण्यातला ऑक्सिजन घालवायचा, आणि नंतर लक्षात आलं की खुद्द प्लास्टिकमध्येही तो मुरलेला असतो, हळूहळू बाहेर येऊन लोखंड-फॉस्फेटचे आकडे बिघडवतो, म्हणून पट्टीलाच आधी कित्येक दिवस नायट्रोजनमध्ये ठेवायचं.