डांगचं सागवान: तोड आणि राखण

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी माजघराचे चार खांब अजून उभे आहेत. रंग कधीच गेला, पण वाळवी शिवलेली नाही. आजोबा खांबावर हात ठेवून सांगायचे, "हे डांगचं." डांग म्हणजे दक्षिण गुजरातमधला जंगलांचा जिल्हा, पण लहानपणी मला ती लाकडाची वखारच वाटे. सरकारी दप्तरातही डांगची ओळख बराच काळ जवळपास तशीच होती.

१८४२ मध्ये इंग्रजांनी डांगची जंगलं भिल्ल राजांकडून पट्ट्याने घेतली. मुंबईच्या गोदीत जहाजबांधणीला साग लागे आणि मलबारकडचा साग आटत चालला होता. राजांना दरसाल रक्कम ठरली. तिचंच सालियाणं आजही होळीच्या आधी आहवा या जिल्ह्याच्या ठिकाणी डांग दरबार या सोहळ्यात पाच राजघराण्यांना दिलं जातं. जंगल गेलं त्याची ही खूण. तो सोहळा नुसती गंमत म्हणून पाहणं मला जमत नाही.

पुढे १८७८ चा वन कायदा आला आणि 'राखीव जंगल' हा शब्द रुळला. राखीव म्हणजे वाघ-सांबरांसाठी राखलेलं, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात ते सरकारच्या लाकडासाठी राखलेलं होतं. डांगी माणसाची फिरती शेती, त्याची गुरं, त्याचं सरपण यांना त्यातून बाहेर काढलं गेलं. कुऱ्हाड आतच राहिली, फक्त तिचा मालक बदलला.

आपले गायकवाडही यात आहेत. सोनगड-व्याऱ्याचा जंगलपट्टा बडोदा संस्थानात होता. बिलीमोरा ते वघई ही ६३ किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी संस्थानाने १९१३ मध्ये सुरू केली, ती मुख्यतः डांगचा साग बाहेर आणायला. सयाजीरावांबद्दल मनात कितीही आदर असला तरी हे सांगायलाच हवं.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारने ठेकेदारांऐवजी जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्यांना कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले जंगलाचे तुकडे, द्यायला सुरुवात केली. मजुराच्या हाती पैसा आला, ही मोठी गोष्ट होती. पण झाडाचा हिशेब तोच राहिला. १९७६ मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगानेही उद्योगांसाठी लागवडीच्या जंगलांवर भर दिला. ऐन, हेदू, कळंब, बिबळा, मोह असं मिश्र जंगल सपाट तोडून एकट्या सागाच्या रांगा लावल्या, तरी कागदावर ते 'वन'च राहतं. माझं भांडण या एका शब्दाशी आहे.

वारं फिरलं ते हळूहळू. १९७२ चा वन्यजीव कायदा, १९८० चा वन संवर्धन कायदा आणि मग १९८८ चं राष्ट्रीय वनधोरण. आर्थिक फायदा दुय्यम, पर्यावरणाचा समतोल आधी, हे या धोरणाने स्पष्ट लिहिलं. १२ डिसेंबर १९९६ ला जंगलतोडीविरुद्धच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्ययोजनेशिवाय, म्हणजे वनखात्याच्या तोडीच्या आणि राखणीच्या आराखड्याशिवाय, तोड थांबवली. फेब्रुवारी २००० मध्ये तर अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानांतून मेलेलं, वाळलेलं झाडही उचलायला मनाई केली.

ही मनाई का महत्त्वाची, ते रानपिंगळा दाखवतो. शतकभर नाहीसा समजलेला हा लहानसा घुबड १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसला आणि नंतर डांगच्या पूर्णा अभयारण्यातही सापडला. घरटं करायला त्याला जुन्या झाडाची ढोली लागते. लाकूडवाल्याच्या हिशेबात असं झाड वाकडं, पोकळ, जागा अडवणारं. म्हणजे तोडीत पहिला नंबर त्याचाच.

डांगला लागून असलेल्या वांसद्याच्या राष्ट्रीय उद्यानात १९५२ पासून तोड नाही, पण त्याचा विस्तार जेमतेम २४ चौरस किलोमीटर. पूर्णा १६० चौरस किलोमीटरचं. डांग जिल्हा १,७६४ चौरस किलोमीटरचा आहे. साग हवा तर तो शेताच्या बांधावरून आणि आधीच लावलेल्या रांगांतून घ्यावा, उरलेल्या मिश्र जंगलाला हात लावू नये, असं माझं मत आहे. अभयारण्याबाहेर मात्र २००० चा आदेश लागू नाही. तिथल्या ढोलीच्या झाडावर तोडीसाठी हातोड्याची खूण पडायची की ते सोडायचं, हे कार्ययोजनेच्या कागदावर ठरतं.