ठ कुठंय ते करंगळीला विचारा

मागच्या महिन्यात टायपिंग क्लासला एका पोरीनं मॅडमना विचारलं, "मॅडम, ठ कुठंय?" आणि वीस वर्षं टायपिंग शिकवणाऱ्या आमच्या मॅडम अडकल्या ना राव. तोंडानं सांगताच येईना. मग त्यांनी नुसत्या टेबलावर दोन्ही हात मांडले, नजर पंख्याकडं, "पाठ" टाइप केल्यासारखं केलं, उजवी करंगळी कुठं टेकली ते बघितलं आणि म्हणाल्या, "हे बग, ट च्याच बटणावर, शिफ्ट धरून." सगळा क्लास हसला. मला मात्र लई बरं वाटलं, कारण मी पंधरा दिवस कागदावर कीबोर्ड काढून ठ, ढ, झ पाठ करत होतो आणि तरी बोटं ऐकत नव्हती.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो, बीडजवळच्या एका गावात, वय ४६. शाळेचं निम्मं काम आता ऑनलाइन माहिती भरायचं आणि ते मी दहा वर्षं दोन बोटांनी करत आलोय, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत क्लास लावला. शेजारच्या कॉम्प्युटरवर माझीच जुनी विद्यार्थिनी, क्लार्कच्या परीक्षेसाठी मराठी ३० चा स्पीड काढायली. तिनं दुसऱ्याच दिवशी माझ्या हातांवर स्वतःचा स्कार्फ टाकला. "सर, खाली बघायलात तुम्ही." आयुष्यभर पोरांना कॉपी करताना पकडलं, त्याची व्याजासकट परतफेड.

तर मॅडमचं जे झालं त्यावर अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या लोकांनी २०१४ मध्ये अभ्यासच छापलाय. मिनिटाला सरासरी ७२ शब्द टाइप करणाऱ्या माणसांना त्यांनी कोऱ्या कीबोर्डचं चित्र दिलं आणि ८० सेकंदांत अक्षरं भरायला सांगितली. २६ पैकी सरासरी १५ अक्षरंच जागेवर पडली! काही गोष्टी आपल्याला सांगता येतात, जसं बीड जिल्ह्यात ११ तालुके आहेत, आणि काही नुसत्या करता येतात, जसं सायकल चालवणं, आणि या दोन्हींसाठी मेंदूची यंत्रणा वेगवेगळी आहे. लोक दुसरीला मसल मेमरी म्हणतात पण स्नायूत काही साठत नसतं, ते सगळं मेंदूतच, बेसल गँगलिया, लहान मेंदू असल्या हालचाली सांभाळणाऱ्या भागांच्या भरवशावर चालतं. म्हणजे माझं कागदावरचं पाठांतर चुकीच्या खात्यात जमा होत होतं.

त्याच विद्यापीठात लोगन आणि क्रम्प या दोघांचा २०१० चा प्रयोग तर भारीच आहे. टायपिस्ट टाइप करत असताना कॉम्प्युटर मधेच स्क्रीनवर खोटी चूक दाखवायचा, आणि कधी खरी चूक गुपचूप सुधारून टाकायचा. माणसं फसली. स्क्रीनवर चूक दिसली की माझीच म्हणायची, सुधारलेलं दिसलं की आपण बरोबर टाइप केलं म्हणायची. बोटं मात्र फसली नाहीत. खरी चूक झाली की पुढचं बटण दाबताना ती किंचित अडखळायची, खोट्या चुकीला काही फरक नाही. म्हणजे आत दोन जण बसलेत, एक शब्द ठरवतो आणि स्क्रीन बघतो, दुसरा बोटं चालवतो, आणि पहिल्याला दुसऱ्याचं काम नेमकं कसं चालतं याचा पत्ताच नाही.

मोठेपणी शिकताना मला खरा त्रास वयाचा नाही, जुन्या सवयीचा झाला. दोन बोटांनी माझा स्पीड २२ होता. क्लासमध्ये आठवर आला. आठ! जुनी सवय आपोआप चालते आणि नव्या प्रत्येक अक्षराला लक्ष द्यावं लागतं, त्यामुळं घाई झाली की हात जुन्या रस्त्यानं पळतात. तिसऱ्या आठवड्यात १४ वर गाडी जी थांबली ती दहा दिवस हललीच नाही. याला शास्त्रात पठारच म्हणतात, मांजरसुंब्याचा घाट चढून वर आलं की लागतं तसं. १८९० च्या दशकात ब्रायन आणि हार्टर यांनी टेलिग्राफच्या तारा (संदेश) घेणाऱ्या ऑपरेटर लोकांमध्ये हे बघितलं होतं, आणि त्यांचं म्हणणं असं की वरून सगळं थांबल्यासारखं दिसतं पण आत सुटी अक्षरं जोडून अख्खे शब्द तयार व्हायलेले असतात. माझ्या हाताला पहिला अख्खा शब्द आला तो "विद्यार्थी". एकदम, एका दमात.

रोज चार तास बसून उरकून टाकू असं मला वाटलं होतं. ते तसं नसतं. बॅडली आणि लाँगमन यांनी १९७८ मध्ये ब्रिटनच्या ७२ पोस्टमनवरचा प्रयोग छापला, पत्रांचे पोस्टकोड (तिकडचे पिनकोड) टाकायला त्यांना टायपिंग शिकवायचं होतं. रोज एक तास बसणाऱ्यांना कीबोर्ड शिकायला साधारण ३५ तास लागले, रोज चार तास बसणाऱ्यांना ५०. गंमत म्हणजे सगळ्यात नाराज एक तासवालेच होते, कारण दिवस जास्त लागत होते. शिवाय झोप. वॉकर नावाचे संशोधक आणि मंडळींनी लोकांना बोटांनी ४-१-३-२-४ असे आकडे दाबायला शिकवले, तर एका रात्रीच्या झोपेनंतर वेग जवळपास २० टक्के वाढला, मधे काहीही सराव न करता.

आता करंगळी. आपला इनस्क्रिप्ट कीबोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरवर मराठी अक्षरांची ठरलेली मांडणी, डोक्यानं केलेला आहे, मात्रा डाव्या हाताकडं, बहुतेक व्यंजनं उजवीकडं, क-ख एका बटणावर, ग-घ एका. पण च, ज, ट, ड, य आणि त्यांचे शिफ्टवाले भाऊ सगळे उजव्या करंगळीच्या वाट्याला. "झाडाच्या" टाइप करून बघा. सगळी व्यंजनं उजवी करंगळी, सगळे काने आणि हलन्त डावं मधलं बोट, झ च्या शिफ्टपुरती डावी करंगळी, बाकीची बोटं बसून. आणि करंगळी तशी एकटी हलणारी नाही. हात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट आत दुमडा आणि बाकीची एकेक उचला. करंगळीशेजारचं उचलतच नाही, कारण बोटं उचलणाऱ्या दोऱ्या हाताच्या पाठीवर एकमेकींना आडव्या जोडलेल्या असतात. मग करंगळी दूर गेली की शेजारीणही ओढली जाते. पहिला महिनाभर माझ्या मनगटाची बाहेरची कड दुखायची, खुर्ची उंच केली तेव्हा थांबली.

दहाही बोटं वापरलीच पाहिजेत असं मात्र नाही हां. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठानं २०१६ मध्ये ३० जणांचे हात कॅमेऱ्यानं टिपले, त्यात कमी बोटंवालेही काही जण तेवढेच फास्ट निघाले. फक्त एका अक्षराला दरवेळी तेच बोट, एवढी शिस्त त्यांच्यात होती. हे मी मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "सर, परीक्षा फिनलंडला द्यायचीय का?"

परवा संध्याकाळी क्लासची लाईट गेली. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालू, ट्यूब बंद. सगळ्यांची खटखट चालूच राहिली आणि दोन ओळी झाल्यावर कळलं की माझीही चालूय. स्पीड आता २४. हा लेख पण स्कार्फशिवाय, वर बघूनच टाइप केलाय. फक्त आकड्यांची रांग अजून हाताला आली नाही, १९७८ टाकताना तीनदा खाली बघितलं आणि तरी पहिल्यांदा १९८७ पडलं.